आय-वासिलीच्या पुस्तकाचे चार तुकडे

१३ ऑक्टोबर १९२४, पिरेअसजवळची छावणी

पुस्तक कापायचं ठरलं. कापायचं!

बाबांनी स्वतः सांगितलं. तंबूच्या दाराशी बसून, पत्र्याच्या वाडग्यातलं घेवड्याचं पाणचट कालवण ढवळत, जसं काही उद्या चादरी धुवायच्या आहेत. "माक्रिना, आय-वासिलीचं पुस्तक चार भागांत वाटायचं ठरलंय. मत्तय, मार्क, लूक, योहान. चार आळ्या, चार भाग."

"वाटायचं म्हणजे?"

"म्हणजे शिवण उसवायची. सावास मोची करील."

मोची! आमच्या आय-वासिलीच्या, म्हणजे संत वासिलीच्या, देवळातलं नऊशे वर्षं जुनं, कातड्याच्या पानांवर हाताने लिहिलेलं शुभवर्तमान, आणि त्याला मोची हात लावणार. मी वाडगा तिथेच ठेवला आणि उठले.

झालं ते असं. सकाळी निर्वासितांच्या कचेरीचा कारकून आला. खुर्ची नव्हती म्हणून आमच्याच गाठोड्यावर बसला आणि यादी वाचली. पेत्राना गाव: वरची आळी थेसालीला, झऱ्याची आळी एपिरसला, खालची आळी मॅसेडोनियात तळ्याकाठी, देवळाची आळी (म्हणजे आम्ही) एव्हिया बेटावर. हातातली सिगारेट संपायच्या आत त्याने गावाचे चार तुकडे केले. तुर्कांनी ख्रिस्ती म्हणून घराबाहेर काढलं तेव्हा निदान एका रांगेत चालत निघालो होतो. इथे आपल्या म्हणवणाऱ्या ख्रिस्ती सरकारने चार दिशांना फेकलं.

तो गेल्यावर पुरुष जमले. पहिला प्रश्न: पुस्तक कोणाकडे? दुपारभर ओरडाआरडा. आणि त्यातून निघालं हे शहाणपण!

बाबा गावाचे धर्मगुरू. सगळे त्यांना पापा-प्रोद्रोमोस म्हणतात, हाताचं चुंबन घेतात. त्यांनी एक शब्द टाकला असता तर थांबलं असतं. नाही टाकला. उलट कल्पना त्यांचीच!


१४ ऑक्टोबर

आज भांडण कशावरून? कोणाला कोण मिळणार यावरून.

हाजी-इओर्दानिस, वरच्या आळीचा मोठा माणूस, काठी आपटून म्हणाला, "मत्तय आमचा. पुस्तकात पहिला तो, गावात पहिली आमची आळी."

सावास म्हणाला, "मग झऱ्याच्या आळीला योहान. ईस्टरला योहान लागतो."

"ईस्टर काय तुमच्या एकट्यांचा?"

"आणि नाताळ? नाताळ कोणाकडे?"

"नाताळ लूककडे. लूक पापा-प्रोद्रोमोसकडे राहू दे."

तेवढ्यात एवलांबिया उठली, कमरेवर हात ठेवून. "म्हणजे आमच्या वाट्याला मार्क! सगळ्यांत बारीक! लग्नात बकरा कापला की खालच्या आळीला मानेचं हाडूक. देवसुद्धा आता मानेचाच देताय?"

सगळे हसले. खो खो हसले. बाबासुद्धा.

मला तिथल्या तिथे कोणाला तरी मारावंसं वाटलं. तिलाच. एवलांबिया माझी नणंद. माझ्या आनेस्तिसची धाकटी सख्खी बहीण. हे पुस्तक म्हणजे काय हे या छावणीत दोघींना सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवं. मला आणि तिला. आणि ती हाडकांच्या गोष्टी करते!

शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. शुभवर्तमानावर चिठ्ठ्या! वधस्तंभाखाली शिपायांनी ख्रिस्ताच्या झग्यावर टाकल्या तशा. मी हे मोठ्याने म्हटलं. हाजी-इओर्दानिस म्हणाला, "मास्तरीणबाई, हा वर्ग नव्हे."


१५ ऑक्टोबर

बाबांशी बोलले नाही.


१६ ऑक्टोबर

पुस्तक आज माझ्याकडे होतं. दोन दिवस ऊन दाखवायला म्हणून पेटीतून काढलं होतं. परत ठेवायच्या आधी सगळं पाहून घेतलं. उद्या-परवा ते असं नसेल, म्हणून लिहून ठेवते.

शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचा मजकूर आहे. लेओन्तिओस नावाचा भिक्षू. त्याने लिहिलंय की हिवाळाभर शाई दौतीत गोठत होती, ती तो काखेत धरून वितळवायचा. डावा डोळा या पुस्तकाने घेतला, उजवा अजून आहे, तेवढ्यावर देवाचे आभार. ज्याला यात चूक सापडेल त्याने शिव्या देऊ नयेत, दुरुस्त करावी. शाळेत मी हे पान दरवर्षी पोरांना वाचून दाखवायचे. पोरं हमखास काखेत हात घालून बघायची.

मग समासात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी. वेगवेगळ्या शतकांतल्या. "या साली टोळ आले, द्राक्षं गेली." "या साली ईस्टरलाही बर्फ होता." एका ठिकाणी नुसतं, "या साली मुलगे नेले." पुढे काही नाही. सुलतानाच्या फौजेसाठी नेले असणार. कोणी लिहिलं कोण जाणे, एखाद्या बापानेच असेल. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या पानांवर मेणाचे थेंब. मार्कच्या चित्रात तोंडच उरलेलं नाही, नऊशे वर्षं बायकांनी चुंबन घेऊन घेऊन पुसून टाकलंय. सोनेरी वर्तुळ तेवढं आहे, मध्ये नुसतं कातडं.

आणि आनेस्तिस. त्याचं यात कुठेच लिहिलेलं नाही.

महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी तुर्की शिपाई देवळातली चांदी गोळा करायला आले. पुस्तकाला चांदीचं वेष्टन होतं. आनेस्तिसने वेष्टन काढून त्यांच्यासाठी वेदीवर ठेवलं आणि पुस्तक नेऊन गावामागच्या कड्यातल्या कबुतरखान्यात विष्ठेखाली पुरलं. पण कोणीतरी चुगली केली की पुस्तकावर सोनं आहे. चौकात त्याला पालथा पाडून तळव्यांवर मारलं. मी पाहिलं. एवलांबियाही होती, तिने माझा हात धरला होता. तो बोलला नाही. मग त्याला रस्ते फोडायच्या तुकडीत घातलं. नेताना आमच्या दारावरून नेलं. चालता येत नव्हतं, दोघांनी धरलं होतं. मला बघून म्हणाला, "अख्खं आहे. काळजी करू नकोस."

एवढंच. कोणी सांगितलं ज्वराने गेला, कोणी सांगितलं बर्फात. माती कुठे आहे तेही माहीत नाही.

अख्खं आहे म्हणाला तो! आणि आता माझा बाप त्याचे चार तुकडे करणार, कारण चार आळ्या भांडतात!


१७ ऑक्टोबर

आज एक गृहस्थ आले. क्लेआन्थिस व्रेत्तोस. राजधानीतल्या एका संग्रहालयातले. निर्वासितांनी आणलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करत तंबूतंबूने फिरतायत. पांढरे कपडे, पायात चिखल. तुसडे नव्हते. आमची बोली नीट कळत नव्हती तरी हसले नाहीत, हे पहिलं लक्षात आलं. इथे येणारे बहुतेक हसतात. आणि जाताना पुटपुटतात, तुर्कांचं बी.

बाबांनी पुस्तक दाखवलं. व्रेत्तोस खाली मातीत गुडघ्यांवर बसले. पानं कडेने धरून एकेक उलटली. मग म्हणाले, "बाबाजी, हे आमच्याकडे द्या. काचेच्या पेटीत राहील. आग, पाणी, उंदीर, काही भीती नाही. तुमच्या गावाचं नाव लिहू पेटीवर."

बाबा म्हणाले, "आणि कोण वाचणार?"

"जगभरचे विद्वान येतील वाचायला."

"मोठ्याने?"

व्रेत्तोसना प्रश्न कळला नाही. मला कळला. मी म्हटलं, "बाबा, मोठ्याने नाही वाचलं तर काय बिघडलं? अख्खं तर राहील!"

बाबा पुस्तकाकडे बघून म्हणाले, "बाळा, गाव अख्खं राहिलं असतं तर मी पुस्तकही ठेवलं असतं."

हे उत्तर आहे? हात मोडला म्हणून पायही मोडून घ्यायचा? मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "तळ्याकाठच्या चिखलात आमची माणसं तंबू ठोकतील. पहिलं बाळ होईल, पहिलं कोणी मरेल. तेव्हा त्यांच्या हातात काय देऊ? राजधानीतल्या पेटीचा पत्ता?"

व्रेत्तोसनी टोपी काढली आणि गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. समजवा त्यांना. विचार बदलला तर कळवा."


१८ ऑक्टोबर

इथे येताना क्वारंटाइनच्या बेटावर उवांच्या भीतीने आमचे सगळ्यांचे केस भादरले. बाबांची दाढीसुद्धा. चाळीस वर्षांची दाढी, धर्मगुरूची, एका पोराने मशीन फिरवून खाली पाडली. बाबा मुकाट बसले. तेव्हा मला वाटलं होतं, केवढी सोशीकता. आता वाटतं, हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही! घर सोडा, सोडलं. दाढी द्या, दिली. पुस्तक फाडा, तेही फाडणार!

मी कळवणार आहे.


१९ ऑक्टोबर

कळवलं.


२० ऑक्टोबर

 सगळं क्रमाने लिहिते.

व्रेत्तोस सकाळीच आले. बरोबर दोन पोलीस. मी पोलिसांचं म्हटलं नव्हतं! मी फक्त लिहिलं होतं की मंगळवारी कापणार आहेत, त्याआधी काहीतरी करा. ते म्हणाले, कायद्याप्रमाणे इतकी जुनी वस्तू राष्ट्राची. नुकसान होणार असेल तर ताब्यात घेता येते.

एका क्षणात सगळी छावणी गोळा. हाजी-इओर्दानिस काठी घेऊन. म्हाताऱ्या बाया छाती पिटत. आणि एवलांबिया धावत आली, धाकटी पोर काखोटीला, आणि सरळ पुस्तकाच्या पेटीवर जाऊन बसली. पोरीला मांडीवर घेतलं, चोळी सोडली आणि पाजायला लागली! त्या सगळ्या पुरुषांसमोर!

पोलीस बिचारा लाल झाला. "बाई, उठा."

"पोर पितंय."

"मग झाल्यावर उठा."

"हिला वेळ लागतो. बापासारखी आहे, हळू जेवते."

लोक हसले, पोलीसही हसला. व्रेत्तोस मात्र चिडले. पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "मी जबरदस्तीने आलेलो नाही! तुमच्यातल्याच कोणीतरी मला बोलावलंय! तुमच्यातल्याच कोणाला तरी अक्कल आहे!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लिहिता येणारी माणसं आमच्यात किती? बोटांवर मोजण्याइतकी. एवलांबियाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर चाललं असतं.

आणि बाबा म्हणाले, "मी बोलावलं होतं. म्हातारपण. घाबरलो. आता विचार बदलला."

धर्मगुरू. उभ्या गावासमोर. धडधडीत खोटं! माझ्यासाठी! मला उपकार वाटायला हवे होते ना? मला संताप आला. माझा गुन्हासुद्धा त्यांनी माझ्या हातून काढून घेतला. ओरडून सांगायला हवं होतं की मी, मी बोलावलं, आणि मला लाज वाटत नाही! तोंड उघडलं नाही.

व्रेत्तोस म्हणाले, उद्या लेखी हुकूम घेऊन येतो. पोलिसांना घेऊन गेले.

आणि बाबा लगेच वळून म्हणाले, "सावास, तुझी हत्यारं आण. उद्यापर्यंत थांबायला नको."

म्हणजे मी वाचवायला गेले आणि आता एक दिवस आधीच कापतायत. माझ्यामुळे!


त्याच दिवशी, संध्याकाळी

जायचं नव्हतं. गेले.

तंबूत चादर अंथरली होती. सावासने हात राखेने धुतले होते, नखांपर्यंत. बाबांनी गळ्यात उपासनेचा पट्टा घातला, क्रूस केला, आणि पहिलं पान उघडून वाचलं. तिथे जुन्या लोकांनी लिहून ठेवलेला शाप आहे: जो कोणी हे पुस्तक आय-वासिलीच्या देवळापासून तोडील त्याला तीनशे अठरा धर्मपित्यांचा शाप. बाबांनी सगळा वाचला, एक शब्द न गाळता. मग म्हणाले, "सावास, हे तुझ्यावर नाही. सुरी आधी माझ्या हातात दे."

पहिला दोरा त्यांनी कापला. मग सुरी सावासकडे दिली. आवाज फार बारीक होता. कापड फाटल्यासारखा नाही, सुकी काडी मोडल्यासारखा. प्रत्येक दोऱ्याला एक.

 हाजी-इओर्दानिस, जो सकाळी काठी घेऊन धावला होता, तोंडात रुमाल कोंबून रडत होता. मला म्हणायचं होतं, आता का रडता? कोणी सांगितलं होतं?

चिठ्ठ्या निघाल्या. भांडून काय मिळवलं? नेमकं तेच! मत्तय वरच्या आळीला. योहान, आणि त्याबरोबर लेओन्तिओसचं शेवटचं पान, झऱ्याच्या आळीला. लूक आम्हाला. मार्क एवलांबियाच्या आळीला. तिने पदर पसरून घेतला, तोंड नसलेल्या चित्राचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "बारीक तर बारीक. आमच्या झोपडीत मावेल."

नंतर बाहेर ती मला गाठायला आली. कोणी जवळ नव्हतं.

"वहिनी, तू बोलावलंस."

"हो."

"का गं?"

"का? तुझा भाऊ याच्यासाठी मेला म्हणून! अख्खं ठेवायला मेला तो!"

ती म्हणाली, "माझा भाऊ हे पुस्तक ऐकणाऱ्या आम्हा माणसांसाठी मेला. काचेच्या पेटीसाठी तळव्यांवर कोणी मार खातं का?"

मी म्हटलं, "तुझ्याशी मला बोलायचं नाही."

"नको बोलूस."


२३ ऑक्टोबर

खालची आळी आज गेली. बोटीने सालोनिका, तिथून पुढे. एवलांबियाचा नवरा लाझारोस येऊन माझ्या पाया पडला, तिघी पोरींनाही पडायला लावलं. ती लांब, गाठोड्यांपाशी उभी होती. मार्क उराशी बांधला होता, तान्ह्या पोराला बांधतात तसा. मी हात केला नाही. तिनेही केला नाही.

व्रेत्तोस हुकूम घेऊन आले होते म्हणे, मंगळवारी. तुकडे बघून हुकूम खिशात घातला आणि परत गेले. बरं झालं, मी समोर नव्हते.


२५ डिसेंबर १९२४, एव्हिया

देऊळ नाही. ऑलिव्हच्या घाण्याच्या शेडमध्ये नाताळ. बाबांनी लूक उघडला, मेंढपाळांचं वाचलं. आमच्या म्हाताऱ्या रडल्या. शेडच्या दाराशी इथल्या गावच्या बाया बघायला उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं, हे क्रूस करतात की!"

क्रूस करतात की! यांचे पूर्वज बकऱ्या राखत होते तेव्हा आमच्या गावात हे पुस्तक वाचलं जात होतं. दाखवलं असतं मी, पण काय दाखवू? पाव भाग? पाठीला दोऱ्यांचे तुटके शेंडे लोंबतायत. भिकाऱ्याच्या बाहीसारखे.


१९ एप्रिल १९२५, ईस्टर

आज योहान हवा. योहान एपिरसला.

बिशपसाहेबांनी छापील पुस्तक दिलंय. बाबांनी ते हातात घेतलं, मिटलं, बाजूला ठेवलं आणि तोंडपाठ म्हणायला लागले. "आरंभी शब्द होता..." चाळीस वर्षं वाचलेलं. सुंदर चाललं होतं. मध्येच अडकले. एक शब्द सुचेना. मेणबत्त्या धरून सगळे उभे. बाबांचे ओठ हलतायत, शब्द येत नाही. एक म्हातारी मुसमुसायला लागली.

मला शब्द माहीत होता. मी पुढेच उभी होते. सांगितला नाही.

बाबांनी ती ओळ सोडली आणि पुढे गेले.

घरी आल्यावर त्यांनी ईस्टरच्या खेळातलं लाल अंडं माझ्यापुढे धरलं, ज्याचं फुटेल तो हरला. मी माझं त्याच्यावर आपटलं. फुटलं त्यांचं. "तू जिंकलीस," म्हणाले.


२ सप्टेंबर १९२५

कंगवे विकणारा एक फेरीवाला आला. आपल्यातलाच, जुन्या मुलखातला, निघदेकडचा. मॅसेडोनियातून फिरत आलाय. म्हणाला, "मास्तरीणबाई तुम्हीच का? तळ्याकाठी तुमची नणंद भेटली. निरोप आहे. मार्क बरा आहे म्हणून सांगितलंय."

 दहा महिन्यांत पहिला शब्द.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, वहिनीला सांग, पुस्तक कपाटात ठेवत नाही. घरोघर फिरवतो. ज्याला ताप भरतो त्याच्या उशाशी ठेवतो. पोरं जरा शांत झोपतात."

उशाशी! दलदलीतल्या ओलसर झोपडीत, घामेजलेल्या उशाशी! नऊशे वर्षांची शाई! मी विचारलं, "पानं कशी आहेत? फुगलीत का? रंग सुटलाय?"

त्याने माझ्याकडे विचित्र पाहिलं. "बाई, पानांचं मला काय कळतं, मी कंगवे विकतो. माणसं पिवळी पडलीत तिकडे. डास असे, की बोलताना तोंडात जातात."

"परत तिकडे जाणार?"

"थंडी पडायच्या आत."

"मग सांगा तिला. वहिनीने सांगितलंय, पुस्तक कोणाच्या उशाशी ठेवू नका. कोरड्या फडक्यात बांधून उंच ठेवा. मी बजावून सांगितलंय म्हणावं."

बाबा आतून ऐकत होते. फेरीवाला गेल्यावर म्हणाले, "मुलींचं विचारायचं होतंस."

मी म्हटलं, "तुम्ही विचारायचं होतं. तुम्हीच पाठवलंत त्यांना पुस्तकाचा तुकडा देऊन."

त्यांनी जोडे घातले आणि फेरीवाल्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. धापा टाकत परत आले. तो निघून गेला होता.


२० सप्टेंबर १९२५

बाबा खाल्किस शहरात जाऊन आले. पायी. औषधवाल्याकडून हिवतापावरच्या क्विनाइनची पुडकी आणली, बिशपसाहेबांच्या माणसाबरोबर तळ्याकाठी पाठवली. या वयात! मला सांगितलंही नाही. विचारलं तर म्हणाले, "तू मार्कची काळजी घे, मी बाकीच्यांची घेतो."

टोमणा होता. इतक्या वर्षांत पहिला. म्हणून आणखी राग आला.


११ मार्च १९२६

शाळा सुरू झाली. सरकारने एक खोली दिली. इथल्या गावची पोरंही येतात. आज एकाने आमच्या पोराला तुर्काचं बी म्हटलं. मी त्याला कोपऱ्यात उभं केलं आणि त्याच्या आईला बोलावलं. ती म्हणाली, "त्यात काय, सगळेच म्हणतात." मी म्हटलं, "माझ्या वर्गात नाही म्हणायचं. आणि तुम्हीही नाही." आवाज इतका चढला की बाहेर बकऱ्या पळाल्या. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी योग्य माणसावर रागावले.


१४ सप्टेंबर १९२६

क्रूसाचा सण. तळ्याकाठून काही कळत नाही. बाबांनी बिशपसाहेबांच्या माणसाला तीनदा विचारलं. तो म्हणतो, तिकडची वस्ती हलवली म्हणे. कुठे, माहीत नाही. हलवली म्हणजे काय? माणसं म्हणजे सामान का?

या देशात कोणाला काही विचारलं की खांदे उडवतात!


७ नोव्हेंबर १९२६

एवलांबिया आली.

दारात उभी होती, ओळखलं नाही मी. रंग मेणासारखा. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. बरोबर कोणी नाही. उराशी फडक्यात बांधलेलं.

मी तिच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "कोणी नाही वहिनी, नको बघूस. लाझारोस नाही, पोरी नाहीत. आळीतलं कोणी नाही."

तिने फडकं सोडलं. मार्क. कोरडा. एक पान हललेलं नाही.

"घे," म्हणाली. "तिकडे वाचणारं कोणी उरलं नाही. तुझा निरोप मिळाला होता. मग नाही ठेवला कोणाच्या उशाशी. धाकटी मागत होती."

बाबा आतून लूक घेऊन आले आणि मार्कशेजारी ठेवला. कडा बरोबर जुळल्या. मी लूक उचलला आणि परत आत नेऊन ठेवला.

देवा, मत्तय असा परत येऊ नये. योहान येऊ नये.